अण्णांची बदकं आणि माझी आई

अण्णा गेल्याचं हॉस्पिटलमधून कळलं तेव्हा मी अंगणात खराटा घेऊन त्यांच्याच बदकांची घाण काढत होते. माझे सासरे ते. महिना उलटला, तरी लखनौच्या मराठी मंडळातली माणसं महानगर कॉलनीतल्या आमच्या घरी येतात आणि तेच म्हणतात, "मुक्या जिवांवर काय माया होती हो त्यांची!" मी म्हणते, "होती ना. बोलणाऱ्यांवर नव्हती." लेक दटावते, "आई, प्लीज, चुप रहो ना." का म्हणून? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणे. बरं, खरं तरी बोलावं की नाही?

बदकांचा सोस त्यांचा, राबणं माझं. बदकीण अंड्यांवर धड बसत नाही, म्हणून अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची. कोंबडीचं अंग कोरडं, म्हणून अंड्यांवर रोज कोमट पाणी शिंपडायचं. कोणी? सूनबाईंनी! अण्णा व्हरांड्यातल्या खुर्चीतून ओरडणार, "अगं, भिजवू नकोस, शिंपड!" कुकर करपो नाहीतर दारात सब्जीवाला भैया ताटकळो, आधी अंडी.

खूप वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्याने निरोप आणला. साताऱ्याहून भावाचा फोन होता... आई अत्यवस्थ आहे, तुझंच नाव घेतेय. ह्यांनी चारबाग स्टेशनला जाऊन तिकीट आणलं, मी बॅग भरली. अण्णा म्हणाले, "पिल्लं कवच टोचायला लागलीत. आत्ता घरात बाईमाणूस हवं. दोन दिवसांनी जा, आई काही पळून जात नाही." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. वडिलांपुढे ब्र काढायची रीतच नव्हती त्या घरात. तिकीट परत गेलं.

मी पोचले तेव्हा आईला नेलं होतं. वहिनी म्हणाली, शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या...

तेरावं आटोपून लखनौला परतले, तर अण्णा दारातच हसून म्हणाले, "सगळी जगली बघ, एक दगावलं नाही!" आईचं नाव नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. शेवटच्या आजारात त्यांचं सगळं मी केलं, पेज भरवली, अंग पुसलं. मेली आशा सुटत नव्हती, वाटायचं, आता तरी एक शब्द बोलतील. ते विचारायचे, "बदकांना पाणी घातलंस का?"

परवा बदकं देऊन टाकली आणि त्यांच्यासाठी बांधलेला अंगणातला हौद बुजवायला गवंडी बोलावला. धाकटे दीर कळवळले, "वहिनी, राहू द्या ना. अण्णांची तेवढीच आठवण आहे."

म्हटलं, "भाऊजी, आठवण माझ्याजवळ भरपूर आहे. हौद बुजवा."