पाटावरचा सर्व्हर

आमच्या मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा आवाज शेताच्या दोन बांध्या ओलांडून ऐकू यायचा. धानाची कापणी झाली की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. त्यांत ते कितीतरी वर्षं राजा झाले. मग जन्मभर चघळलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं घशाचं ऑपरेशन करायला लावलं आणि आवाज कायमचा गेला. जीव वाचला, देवाची कृपा! पण माणूस गप्प झाला तो सगळ्याच बाजूंनी. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग. जेवणही एकट्यानं. मला बघवत नव्हतं ते. मला मामाजी पुन्हा चार माणसांत बसलेले हवे होते, बस.

कुरखेड्यातला माझा कम्प्युटर क्लास बंद पडला होता. घरात उरलं होतं भंगार: स्क्रीन फुटलेला लॅपटॉप, जुन्या हार्ड डिस्क, वायरींचा गुंता. एका शूटिंगवाल्याकडे मामाजींच्या नाटकांच्या सीड्या मिळाल्या. म्हटलं, याचाच घरगुती सर्व्हर करू. सगळी नाटकं त्यात भरायची, रिमोट दाबला की टीव्हीवर हजर. वीज खाणार एखाद्या बल्बाइतकी, म्हणजे लाइन गेली तरी छोट्या इन्व्हर्टरवर चालेल. आमच्याकडे लाइनचा काय नेम!

नवरा म्हणाला, "आवाज गेलेल्या माणसाले त्याचाच आवाज आयकवून राह्यली तू? डोकं ठिकाणावर आहे का?" मी भडकले, कारण तीच भीती मलाही होती.

लॅपटॉपचा बोर्ड मोकळा केला. बंद डब्यात तो तापला असता, म्हणून जेवायचा एक पाट घेतला आणि बोर्ड, डिस्क त्यावरच स्क्रूनं बसवल्या. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कडाडल्या, "अवं बाई, जेवाचा पाट होता तो! आता पाव्हण्याले काय जमिनीवर बसवू?" दुसऱ्या दिवशी बघते तर काय, धूळ बसू नये म्हणून मशीनवर गोधडी पांघरलेली! मशीन तव्यासारखं तापून बंद. मी चार शब्द बोलले, त्यांनी पाच ऐकवले. शेवटी मच्छरदाणीच्या तुकड्यावर आमची तडजोड झाली.

कापणी संपल्यावर एका दुपारी शेजाऱ्यांना बोलावलं. मामाजींना जवळजवळ ओढूनच बाहेरच्या खोलीत खाटेवर आणून बसवलं. टीव्ही लावला. चित्र आलं: मुकुट, तलवार, भर उमेदीतले मामाजी. ओठ हलताहेत आणि आवाजच नाही! त्या जुन्या फायलीतला आवाज माझ्या मशीनला कळतच नव्हता. घात झाला! मुक्या माणसापुढे मुका राजा उभा केला मी. पाटाशी वाकून उगाच वायरी हलवत बसले, वर बघायची हिंमत होईना.

तेवढ्यात खाट करकरली. मामाजी उठले. वाटलं, चालले आत, संपलं सगळं. पण ते टीव्हीपाशी जाऊन लोकांकडे तोंड करून उभे राहिले. पडद्यावरच्या राजाबरोबर त्यांचा हात उचलला गेला, ओठ हलले.

आणि स्वयंपाकघराच्या दारातून खणखणीत आवाज आला, "प्रधानजी! फिर्यादी दारात उभा आणि आमचा दरबार झोपलेला?"

आत्याबाई! हातात सूप, तांदूळ पाखडणं चालूच. नाटकाचं नाव काढलं की नाक मुरडणारी ही बाई! मामाजी पाठांतर घरातच करायचे. चुलीपुढं बसून आत्याबाईंनी सगळं ऐकलेलं. पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचं आलं. हात मामाजींचे, आवाज आत्याबाईंचा. शेजारी टाळ्या पिटत होते आणि मी तोंडात पदर धरून रडत होते. आभार कोणाचे मानू, त्या भंगाराचे की या बाईचे? दोघांचेही मानते, अजून मानते.

आवाजाची अडचण नंतर दूर केली. एका सेटिंगचं काम होतं. मामाजी आता सगळ्यांत बसतात, सगळ्यांबरोबर जेवतात. पण नाटक लावलं की आधी रिमोटनं आवाज बंद करतात आणि स्वयंपाकघराकडे बघून टाळी वाजवतात.

"आली ना बाप्पा!" आत्याबाई आतून ओरडतात. "थांबवा जरा तुमच्या राजाले. भाजी करपून राह्यली."