आमच्या भाऊजींची पाच इरली

ज्या यंत्रावर आपलं पोट आहे त्याच यंत्राला सकाळ-संध्याकाळ शिव्या घालणारा माणूस अख्ख्या भिवंडीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी एका लूम कारखान्यात सुपरवायझर होते. ऐंशीच्या दशकात खाडीपलीकडच्या शेतांतसुद्धा लूम खडखडू लागले होते आणि भाऊजींचा पगार त्या खडखडाटातूनच येत होता. पण घरी येऊन पायांतल्या चपला काढायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं, "हे काय कापड आहे? याला हात कुणाचा लागलाय? कुणाचाच नाही!" ताई म्हणायची, "आधी पाय धुवा, मग कापडाचं बघू."

लूमला सुट्टी शुक्रवारी. बाकीचे लोक त्या दिवशी झोपा काढायचे, सिनेमाला जायचे. हे मात्र पिशवी घेऊन एसटी पकडायचे आणि हातानं काही घडवणारं माणूस दिसलं की गाडी थांबवायला लावायचे. एकदा मी गणेशपुरीच्या गरम कुंडात आंघोळ करावी म्हणून टॉवेल घेऊन त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत झाडाखाली एक पाथरवट छिन्नीनं पाटा घडवताना दिसला आणि भाऊजींनी मला दंडाला धरून खाली उतरवलं. ती आंघोळ माझी आजतागायत व्हायची आहे. वर तो पाटा परत येताना माझ्याच मांडीवर! कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं तर भाऊजी त्याच्यावर कडाडले, "दगडाला तिकीट लावता? माणसाच्या हातची वस्तू आहे ही, तिला उठून जागा द्यायला हवी!" कंडक्टरनं तिकीट फाडलं ते फाडलंच, आणि पैसे मी दिले.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खारबावच्या टोपल्या, कुठकुठली सुपं, मडकी, तांदूळ धुवायच्या रोवळ्या. ताई वैतागून म्हणायची, "लोक बायकोला साडी आणतात, आमच्याकडे शुक्रवार आला की टोपली येते." पण या वस्तू वापरायच्या, असा भाऊजींचा कायदा होता. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी दवाखान्यात शोभेसाठी सूप टांगलं होतं. भाऊजी ताप दाखवायला गेले, ते सूप पाहून त्यांचा ताप आणखी चढला. "पाखडायची वस्तू ही! तुमचा स्टेथोस्कोप मी देव्हाऱ्यात टांगला तर चालेल?" असं म्हणून त्यांनी ते खाली उतरवलं आणि औषध न घेताच घरी आले.

या सगळ्यांत त्यांचा जीव जडला होता तो काळूवर. वज्रेश्वरीच्या अलीकडे एका पाड्यावर काळू इरली करायचा. बांबूच्या कांबट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे थर. पावसात भाताच्या आवणीच्या वेळी डोक्यावरून पाठीवर घेतलं की दिवसभर पाठ कोरडी. माप घेण्याची त्याची रीत अशी की गिऱ्हाईकानं अंगणात वाकून भात लावल्यासारखं करायचं. भाऊजी पँट वर करून वाकले. काळू म्हणाला, "आजून वाका सायब, शेतान कोन ताठ उभा रवतं?" कोंबड्या बघत होत्या, काळूची बायको पदरात हसत होती आणि भाऊजी कृतार्थ होऊन खोटं भात लावत होते. पुढे ते इरलं घेऊन भर पावसात ते ड्युटीवर गेले. ताठ चालल्यामुळे पुढून नखशिखांत भिजले. कारखान्याच्या फाटकावर एक कामगार म्हणाला, "अरे साहब, आज कछुआ बनके आए?" भाऊजींनी त्याला अर्धा तास हस्तकलेवर ऐकवलं. दर वर्षी ते एक नवं इरलं घेत. अशी पाच झाली.

पाचव्या इरल्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही गेलो, तेव्हा काळूनं चहा पुढे केला आणि म्हणाला, "सायब, येक काम हाय. माला लूमवर लावा."

भाऊजी उठून उभेच राहिले. "वेड लागलंय का तुला? हे हात तू त्या खडखडाटात घालणार? साऱ्या तालुक्यात तुझ्यासारखं इरलं कुणी करत नाही!"

"करत न्हाय, कारन कोन घेत न्हाय," काळू शांतपणे म्हणाला. "गावान सगल्यांनी प्लॅस्टिकचा कागद घेतलाय. इरला तुमीच येकटं घेता. तुमी तरी कवरी इरली डोक्याव घ्याल?"

भाऊजी तिथून तरातरा निघाले. आठवडाभर घरात त्यांनी सगळ्यांना फैलावर घेतलं: प्लॅस्टिकवाल्यांना, सरकारला, मला, काळूला. माझाही संताप झाला होता. पाच वर्षांत कितीतरी लोकांना आम्ही काळूकडे नेलं होतं, सगळे वा वा करून, चहा पिऊन मोकळ्या हातांनी परत आले होते. शेवटी ताईच म्हणाली, "त्याच्या घरची चूल तुमच्या हौसेवर पेटत नाही हो." सोमवारी त्यांनी शेठकडे शब्द टाकला आणि काळू रात्रीच्या शिफ्टला लागला.

नंतर एका शुक्रवारी भाऊजी मला पुन्हा पाड्यावर घेऊन गेले. काळू ओट्यावर मेल्यासारखा झोपला होता. केसांत, भुवयांत सुताचे तंतू अडकलेले. अंगणात ना बांबू, ना पानं. बायको त्याला उठवायला पुढे झाली. भाऊजी हळूच म्हणाले, "राहू दे. दमलाय तो." मग त्याच्याजवळ बसून त्यांनी त्याच्या केसांतलं सूत एकेक करून काढलं. काळूला जाग आली नाही.

परतीच्या गाडीत भाऊजी खिडकीबाहेर बघत गप्प बसले होते. मी म्हटलं, "भाऊजी, काहीतरी बोला हो. शिव्या तरी द्या."

"कुणाला देऊ?" ते म्हणाले.