सुईची वेळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढं गाळूनच बोलते. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

सुमन माझी धाकटी जाऊ. बेळगावची, बापाची लाडकी. नंदिगद्द्याला, या रानातल्या गावी, आमच्या घरात आली तेव्हा चुलीत ओली लाकडं घालायची आणि धुरात डोळे पुसत स्वतःलाच हसायची. जीव लावला हो पोरीनं मला. मीही लावला — हे खोटं नाही.

तिच्या पहिल्या बाळंतपणाला तिच्या वडिलांनी जोयड्याहून जीपनं नर्सबाई आणवली. बाईंच्या पेटीत कळांचं दुखणं कमी करणारी सुई होती. पण ती फार लवकर देऊन चालत नाही, आणि उशिरा दिली तर बाळ गुंगीत जन्मतं. त्याच सकाळी वरच्या घरातली एक बाईही अडलेली, म्हणून नर्सबाईंना तिकडे जावं लागलं. आमच्याकडे घड्याळ कुठलं? जाताना मला म्हणाल्या, "दोन कळांच्या मधी एक भाकरी थापून भाजून होईना झाली, की लगेच बोलवा."

मी चुलीपाशी बसले. पलीकडे सुमन. कळ आली की उठून तिच्याजवळ जायचं, ओसरली की भाकरी थापायची.

माझी तीन बाळंतपणं गोठ्याशेजारच्या खोलीत झाली — तोंडात पदराचा बोळा घालून, कारण सासूबाईंना आरडाओरडा खपत नसे. माझ्यासाठी कुणी जीप आणली होती? हे मनात आलं, आणि तिथंच तव्यावरची भाकरी करपली. ती भाजून व्हायच्या आतच पुढची कळ आली होती.

दीर अंगणात पळायच्या तयारीत उभा. "वैनी, बोलवू काय बाईंना?"

"न्हाई," मी म्हटलं, "भाकरी होतीया अजून."

करपलेली गुरांच्या टोपलीत टाकली. दुसरी थापली. तीही करपली. दीरानं पुन्हा विचारलं — मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी पाठवलं त्याला.

नर्सबाईंनी पाहिलं आणि पेटी उघडलीच नाही. "आता सुई न्हाई देता येत. डोकं दिसतंय."

सुमन किंचाळली. माझं मनगट धरून, "अक्का, अक्का" करत. मी तिचे केस मागे सारत होते, माझे डोळे वाहत होते — आणि आत कुठंतरी मला बरं वाटत होतं. दोन्ही खरं. असं असतं का हो माणूस?

मुलगी झाली, गुटगुटीत. उशिरा बोलावलं म्हणून सुमनचे वडील माझ्यावर चिडले, तर ही बाजेवरूनच म्हणाली, "अक्कांस्नी काय म्हाईत? त्या हुत्या म्हणून निभावलं." आजही सगळ्यांना तेच सांगते. आणि मी ऐकून घेते.

आता त्या मुलीचे दिवस भरत आलेत. परवा सुमन म्हणाली, "अक्का, तिच्या उशाशी बी तुम्हीच बसा. आमचंच नशीब खोटं, त्या दिवशी वेळ कळली न्हाई."

मी बसते म्हणाले. वेळ मला कळली होती.