शिकलेली भाषा

मी मूळचा वसईजवळच्या जूचंद्रचा. वडील मिठागरात कामाला होते. सैन्यात मी नर्सिंग असिस्टंट झालो आणि माझं पोस्टिंग एका गोरखा बटालियनला अटॅच म्हणून आलं. तिथला सगळा कारभार गोरखालीत, म्हणजे नेपाळीत. हुकूम, शिव्या, जेवणाच्या रांगेतली थट्टा, सगळंच. एवढ्या माणसांत राहून सुरुवातीला मी अगदी एकटा होतो. जवान कण्हत एमआय रूममध्ये, म्हणजे आमच्या दवाखान्यात यायचे, आपलं दुखणं सांगायचे आणि मी मख्खासारखा बघत बसायचो.

मला भाषा शिकवली ती लान्स नायक मानबहादुर राईने. वयाने मोठा, म्हणून मी त्याला 'दाइ' म्हणायचो, म्हणजे दादा. पहिलं वाक्य त्याने माझ्या कामाचंच दिलं. "कहाँ दुख्यो?" कुठे दुखतंय? दुसरं दिलं, "भन न." सांग ना.

"इतने में तेरा आधा काम हो जाएगा," तो म्हणाला.

बाकीचे माझ्या उच्चारांना खो खो हसायचे. हसणाऱ्याचे दात दिसतात, म्हणत मी बोलत राहिलो. मानबहादुर मात्र कधी हसला नाही. एकदा मी त्याला कारण विचारलं.

"मेरो पनि सिकेकै हो," तो म्हणाला. माझीही शिकलेलीच आहे.

त्याच्या घरी राई लोकांची वेगळी बोली होती. नेपाळी तो शाळेत मार खाऊन शिकला होता. शाळेत 'पाणी'ला घरच्यासारखं 'पानी' म्हटलं म्हणून मलाही गुरुजींच्या छड्या बसल्या होत्या, ते मी त्याला सांगितलं. त्या दिवसापासून आमची दोस्ती पक्की झाली.

भाषा पायरीपायरीने येते असं मला वाटायचं. तसं काही नसतं. आधी सगळं समजायला लागलं, पण तोंड उघडेना. मग एका सकाळी मेसमध्ये चहा मागताना आपोआप बोलून गेलो. सुट्टीवरून परतलो की निम्मं विसरलेलो असायचो. आमच्या खाडीसारखं, कधी भरती तर कधी ओहोटी. पुढे पुढे घरी आलो तरी नेपाळीच तोंडात यायची. आई वैतागायची, "ही कुनाची भाषा आनलीस रं घरान?"

नंतर आमची एक तुकडी उंचावरच्या पोस्टवर गेली. माणसं मोजकी, बहुतेक गुरुंग आणि मगर जमातींची. राई तेवढा मानबहादुर. एका दुपारी गस्तीवरून परतत असताना त्याच्या पायाखालचा बर्फ सुटला आणि तो खालच्या दगडांवर आदळला. आम्ही त्याला उचलून बंकरमध्ये आणलं. बाहेर बर्फाचं वादळ होतं, हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. आमचे डॉक्टर, आरएमओ साहेब, खाली मुख्यालयात होते. रेडिओवर ते सांगतील तसं मी करत होतो.

"होश में है? ओव्हर."

"है, सर. ओव्हर."

"पूछ, दर्द कहाँ है."

मी वाकून विचारलं, "कहाँ दुख्यो, दाइ?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि उत्तर दिलं. शांतपणे, पुरं वाक्य. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी सावकाश. मला शिकवताना म्हणायचा अगदी तसं.

"क्या बोल रहा है?"

"समझ नहीं आ रहा, सर."

"तुझे तो गोरखाली आती है!"

"ये गोरखाली नहीं है, सर. ओव्हर."

मी इतरांकडे बघितलं. त्यांनी माना हलवल्या. तो त्याच्या घरची भाषा बोलत होता आणि त्या पोस्टवर ती कोणालाच येत नव्हती. ऑक्सिजन चालू होता, ड्रिप लावली होती. मी त्याचा हात धरून बसलो. त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. मग माझा नाद सोडला आणि डोळे मिटले.

वादळ निवळून हेलिकॉप्टर आलं, तोवर तो गेला होता.

साहेबांनी मला नंतर समजावलं. डोक्याला मार लागला की कधी कधी शिकलेली भाषा आधी जाते, जन्माची उरते. पोटातही रक्तस्राव होता. त्याचं बोलणं कळलं असतं तरी तो वाचला नसता. मला ते पटलं. पण त्याने मला काहीतरी तीनदा सांगितलं आणि ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, याचं दुःख आजही आहे.

निवृत्त होऊन जूचंद्रला आलो. नालासोपाऱ्यात एका बिल्डिंगचा वॉचमन नेपाळचा निघाला. त्याच्याशी नेपाळीत बोललो की तो उत्तर हिंदीत द्यायचा. राईंच्या भाषेचं विचारलं तर म्हणाला, "बहुत हैं, अंकल. गाँव बदला, भाषा बदली." हे वसईकराला कोणी सांगायला नको. आमच्याकडेही शेजारच्या दोन गावांची बोली एक नसते.

बायको गेली. मुलगी मनवेलपाड्याला असते, रविवारी येते. घरात बोलायला मराठीतही कोणी नाही, तिथे नेपाळी कोण बोलणार? शब्द एकेक करून सुटत गेले. आपली नेपाळी आता संपली, असं मी धरून चाललो.

परवा माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मुलगी हसत म्हणाली, "पप्पा, भुलीत तुम्ही काय काय बोलत होता! कोणाला कायच समजलं नाही. थांबा, व्हिडिओ काढलाय."

तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. डोळे मिटलेला, मान एका बाजूला वळवलेला मी. आवाज जड, पण उच्चार असे स्वच्छ की नोकरीत असतानाही कधी जमले नव्हते.

"कहाँ दुख्यो, दाइ?"

मग बराच वेळ काही नाही. नुसती मशीनची टिकटिक.

"भन न, दाइ."

पुन्हा शांतता.

"काय म्हणताय हे?" मुलीने विचारलं.

"पेशंटला विचारतोय. कुठे दुखतंय."

"मग असे मधे मधे गप्प का होताय?"

"तो सांगतोय ना," मी म्हणालो.