वहिनीचा पाचवा फोन

"मॅडम, वहिनीचा फोन यायलाय. कट करतो."

तिसऱ्यांदा कट केला त्यानं. त्याचा टॅब स्टिअरिंगला टेकवलेला, त्यामुळं मला अर्धाच चेहरा दिसत होता. मी राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत, कानाला हेडफोन. तो कळंब्याच्या तलावाकाठी गाडी लावून बसलेला. घरात भिंतींना कान असतात, म्हणून माझे निम्मे क्लायंट गाडीतूनच बोलतात.

मी इंटिग्रेटिव्ह थेरपिस्ट आहे. म्हणजे एकाच पद्धतीचा हट्ट नाही, ज्याला जे लागू पडेल ते. ऑनलाइन काउन्सेलिंग करते, जास्त करून दोन गोष्टींवर. एक अटॅचमेंट, म्हणजे लहानपणी आपण कुणाला बिलगायचो आणि ते माणूस जवळ घ्यायचं की नाही. दुसरी ट्रॉमा, म्हणजे जुना धक्का, जो डोकं विसरलं तरी अंग विसरत नाही.

या क्लायंटला शीतल म्हणू. नाव बदललंय, लिहायची परवानगी त्यानंच दिलीय. आमच्याकडं जैन घरांत शीतल हे पुरुषाचंही नाव असतं. पुण्याच्या माझ्या सुपरव्हायझर, म्हणजे ज्या सिनियर बाईंकडून मी माझ्या केसेस तपासून घेते त्या, पहिले दोन आठवडे त्याला 'ती' म्हणत होत्या. मी त्यांना मनातल्या मनात भरपूर हसून घेतलं. फजितीची माझी पाळी अजून यायची होती.

शीतलला चार महिन्यांची लेक. ती रडायला लागली की याचे हात जागच्या जागी थिजायचे. उचलताच यायची नाही. बायको विद्या बाळंतपणाला इचलकरंजीला माहेरी गेली ती तिकडंच राहिली. आमच्याकडं बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात, त्या बोलीत तिनं रोखठोक सांगितलेलं, "लेकीला घ्याला शिकलासा तर मी येतो. न्हायतर आमी मायलेकी हितंच बऱ्या." आणि विद्या बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती, हे शीतलला माहीत होतं.

पहिल्या कॉलला मी विचारलं होतं, "आई?"

"आई मी नऊ वर्षांचा असताना गेली."

झालं. मी लिहून घेतलं. आई लहानपणी गेली, दुःख आत अडकलं, म्हणून लेक जवळ घेता येत नाही. अगदी पुस्तकातली केस. पाच सेशन मी त्यावर घालवली. एम्प्टी चेअर केलं, म्हणजे रिकाम्या सीटवर ते माणूस बसलंय असं धरून त्याच्याशी बोलायचं. तो बोलला, रडलाही. पण आईचं नाव काढलं की त्याचा चेहरा उजळायचा. आईच्या कुशीत झोपायचो, आई ताटात जादा तूप वाढायची. एवढ्या मायेत वाढलेल्या माणसाचे हात थिजतात कसे, हे मला कळेना.

आणि आता सहाव्या सेशनला ही वहिनी. चौथा फोन वाजला.

"शीतल, घ्या फोन. भावाकडं काही अडचण असेल."

"कुठला भाऊ? मला भाऊ न्हाय."

"मग वहिनी कुणाची बायको?"

"आप्पांची."

"आप्पा कोण?"

"वडील की, मॅडम."

मी खुर्चीतून उठलेच. हेडफोनच्या वायरनं लॅपटॉप ओढला गेला, तो कसाबसा धरला.

"म्हणजे वहिनी ही तुमची आई?"

"जन्म दिल्याली, व्हय. काका, आत्या समदी तिला वहिनी म्हणायची, मग आमीबी वहिनीच."

"आणि तुम्ही नऊ वर्षांचे असताना गेली ती?"

"ती आई. म्हंजे आजी, आप्पांची आई. अख्खं घर तिला आईच म्हणायचं."

मी कपाळावर हात मारून घेतला. मी स्वतः माझ्या आईला अक्का म्हणत मोठी झालेली, आणि मला हे सुचू नये? काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाच आठवडे मी अशा बाईवर काम करत होते, जिच्याबद्दल त्याची काडीची तक्रार नव्हती. पण खरं सांगू? लाजेपेक्षा आनंदच जास्त झाला. सापडलं होतं.

"वहिनींनी कधी उचलून घेतलेलं आठवतं?"

तो म्हणाला, "एकदाबी न्हाय. मी उंबऱ्यात रडत हुबा असायचो, ती भाकरी थापत असायची. बगायची, पन उठायची न्हाय. आईच यून मला घ्याची. तिला मी नको हुतो, मॅडम."

पाचवा फोन. या खेपेला त्यानंच विचारलं, "घेऊ?"

"घ्या. मी कॉलमधून बाहेर पडते."

"तुमी थांबा."

"मग मी ऐकतेय असं त्यांना आधी सांगा."

त्यानं सांगितलं, स्पीकर लावला. खणखणीत आवाज आला.

"कोन मॅडम? ऐकू दे की. कवाधरनं फोन लावालोय तुला. मी इचलकरंजीला आलोय, तुझ्या लेकीला बगाय. तू कवा येनार?"

"वहिनी, मी ल्हान असताना तू मला का घेत न्हवतीस गं?"

वहिनींनी उत्तर दिलं.

"थोरल्या मानसांम्होरं आपलं प्वार आपुन घ्याचं न्हाय, अशी रीत हुती बाबा. तुझ्या आप्पांनीबी कवा घेतलं न्हाय." मग आवाज खाली आला. "सासूबाई बस्तीत देवाच्या दर्शनाला गेल्या की घेत हुतो मी. दार लावून. तू झोपल्याला असायचास."

शीतलनं टॅब पालथा घातला. मला फक्त त्याचं रडणं ऐकू येत होतं. आधीच्या पाच सेशनमधलं रडणं हे नव्हतं. मीही डोळे पुसले. ते सुपरव्हायझर बाईंना सांगितलेलं नाही.

"मॅडम, जाऊ का मी इचलकरंजीला?"

"जा. पण दहा मिनिटांनी. पाय खाली घट्ट टेकवा, तलावाकडं बघत बसा, पाणी प्या. मग किल्ली फिरवा." असा धक्का ताजा असताना माणसाला गाडी चालवू द्यायची नसते.

पुढच्या आठवड्यात त्याचा चेहरा पूर्ण दिसत होता.

"सासऱ्याम्होरं घेतलं, मॅडम. मेव्हणं, पावणं समदी बसल्याली. लेक वरडाय लागली, माझं हात थिजाय लागलं. खाली ठेवावं वाटालं. तवर वहिनी उठली, मागनं आली आन् माझ्या हाताखाली हात घातला. म्हनली, 'मान धर, मान. मी हाय.'"

विद्या महिन्याभरात लेकीला घेऊन परत आली. तरी आमचं काम संपलं नव्हतं, पुढं आठ महिने चाललं. एका फोननं ट्रॉमा जातो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सुपरव्हायझर बाईंनी विचारलं, "शेवटी कुठलं टेक्निक वापरलंस?"

म्हटलं, "'फोन घ्या' म्हणाले मी त्याला, एवढंच."

आता पहिल्या कॉलला मी नुसतं 'आई' असं विचारत नाही. जन्म कुणी दिला, भरवलं कुणी आणि आई कुणाला म्हणायचात, असे तीन वेगळे प्रश्न विचारते. आमच्याकडं बहुतेक वेळा उत्तरंही तीन येतात.