मल्लिनाथच्या दोन शिक्षा

“मॅडम, नवा कायदा आलाय म्हनं. एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा न्हाय. मला लागू हाय का?”

मल्लिनाथ स्क्रीनवरून विचारत होता. तो दूरच्या मध्यवर्ती तुरुंगात, मी सोलापूर कोर्टाच्या आवारात. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस विधी सेवेकडून माझ्याकडे येतात, तशीच ही आली होती.

मल्लिनाथ मैंदर्गीचा, ट्रक ड्रायव्हर. ट्रकमधून गांजा आणला. थोडा गावातल्या खोलीत उतरवला, उरलेला सोलापूरजवळ हायवेवर ट्रकमध्येच पकडला गेला. पोलिसांनी मग खोलीही उघडली. दोन ठाणी, दोन एफआयआर, दोन खटले. दोन्ही सिद्ध झाले. दोन्हींत दहा-दहा वर्षं. एक संपली की दुसरी सुरू. दरम्यान आई गेली. बायको कलबुर्गीकडे माहेरी गेली आणि तिनं नंबर बदलला.

मी त्याला सांगितलं, नियम नवा नाही. तो घटनेत आहे, जुन्या कायद्यातही होता. नव्या कायद्यात फक्त कलमाचा नंबर बदलला. आणि निकाल लागून संपलेली केस, कायदा बदलला म्हणून आपोआप उघडत नाही. तसं त्या कायद्यातच लिहिलेलं असावं लागतं. शिवाय ट्रकमधला माल आणि खोलीतला माल, कायद्याच्या नजरेत गुन्हे दोन. त्यामुळे लागू नाही.

तो म्हणाला, “पुडची तारीख कदी?”

“तारीख नसते आता. केस संपली.”

“तारीख आसली की कुनीतरी बोलतंय की.”

बोलणं संपलं, तो उठून गेला. स्क्रीनवर रिकामी खुर्ची दिसत राहिली. मी पण उगाच बसून राहिले.

मग दोन्ही निकाल मागवले आणि शेजारी ठेवून वाचले. आधीच शिक्षा भोगणाऱ्या माणसाला दुसरी शिक्षा झाली, तर ती पहिलीनंतर सुरू होते. दोन्ही एकत्र भोगायच्या असतील तर कोर्टाला तसं लिहावं लागतं. दुसऱ्या निकालात तसं काही नव्हतं. त्याच्या तेव्हाच्या वकिलानं मागितलंच नव्हतं.

माझ्या सीनियरना दाखवलं. ड्रग्जच्या केसमध्ये हायकोर्ट असं सहज देत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं.

“माल एकाच खेपेतला होता, सर. दोन्ही निकालांत तसं आहे.”

“मग तेवढंच म्हणा. डबल जेपर्डीचं, म्हणजे एका गुन्ह्याला दोनदा शिक्षेचं, नावही काढू नका.”

हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या बेंचपुढे मी तेवढंच म्हणाले. सरकारी वकिलांनी विरोध केला. अशा गुन्ह्यात दया नको म्हणाले. जजसाहेबांनी विचारलं, खालच्या कोर्टात हे का मागितलं नाही. कोणी मागितलं नाही, हेच उत्तर होतं. दोन्ही शिक्षा एकत्र भोगायचा हुकूम झाला. गुन्हे कायम राहिले.

पहिली शिक्षा तोवर संपत आली होती. ती आणि न भरलेल्या दंडाच्या बदल्यातली कैद भोगून तो सुटला. एसटीनं सोलापूरला आला आणि थेट कोर्टात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात एक प्लास्टिकची पिशवी. स्क्रीनवर दिसायचा त्यापेक्षा बराच बुटका निघाला. गावी मोठी बहीण होती. तिला फोन लावायला मला सांगितलं, स्वतः लावेना.

“आत्ता नगा पाठवू, ताई,” बहीण म्हणाली. “पोरीची सोयरीक ठरायलीय. लोकं बगत्यात.”

त्याला बहुतेक ऐकू गेलं होतं. मी फोन ठेवल्यावर त्यानं बहिणीबद्दल काही विचारलं नाही. भाची केवढी झाली, एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं. अक्कलकोटला अन्नछत्रात जेवायला मिळतं, कोण कुठला विचारत नाहीत, म्हणून तिकडंच जातो म्हणाला. मी स्टँडपर्यंत सोडलं. बसमध्ये खिडकी मिळाली, पण त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मीही लगेच निघाले; चारला दुसरी केस होती.

कोर्ट मागितलं तेवढंच देतं. आता आरोपीवर आधीची शिक्षा असेल, तर दोन्ही एकत्र भोगू द्याव्यात ही विनंती मी शिक्षेच्या सुनावणीतच लेखी देते. एक ओळ लागते.