कडू निघालेला वेल

अर्धा दुधी चिरून झाला होता आणि अर्धा ओट्यावर तसाच पडला होता. वहिनी सुरी हातात धरून उभीच्या उभी राहिली. शेतावर येणारे-जाणारे सगळे तिला वहिनीच म्हणत. भाजी चिरता चिरता कच्ची फोड तोंडात टाकायची तिची लहानपणापासूनची खोड. सासूबाई म्हणत, आमच्या सुनेचं जेवण चिरतानाच उरकतं, ताट उगाच वाढायचं. आज मात्र फोड जिभेला लागली न लागली तोच तिने ती थुंकून टाकली. कडूजहर होती. दोनदा चूळ भरली तरी घशातली कडू चव हलेना.

शेत छोटंसंच होतं. आसपासची काही घरं मिळून हंगामाच्या सुरुवातीलाच त्याचा खर्च उचलत आणि दर आठवड्याला निघेल ते टोपल्यांत वाटून घेत. पाऊस सरून आभाळ निवळलं होतं आणि वांगी, शेंगा, मिरच्या सगळं एकदमच काढणीला आलं होतं. नव्या वेलाचे पहिले दुधी आज निघाले होते. बी तिने स्वतः धरलेलं. गेल्या साली कुंपणाजवळचा सगळ्यात देखणा दुधी वेलावरच पिकू दिला आणि त्याचं बी सावलीत वाळवून डब्यात जपून ठेवलं. त्याच कुंपणावर पलीकडून कडू भोपळ्याचा वेल चढवलेला होता. त्याच्या वाळलेल्या पोकळ तुंब्यांची पाखरांसाठी घरं करायची, असा टोपली घेणाऱ्या घरांतल्या पोरांचा हट्ट होता. दोन्ही वेल एकाच वेळी फुलले होते आणि मधमाश्या कडू वेलाचे परागकण दुधीच्या फुलांत नेऊन सोडत होत्या. हे तेव्हा तिच्या ध्यानातच आलं नाही. आज पहाटे तिने प्रत्येक दुधी नखाने टोचून कोवळा आहे ना ते पाहिलं, पण चाखला एकही नाही.

कडू दुधी पोटात गेला तर रक्ताच्या उलट्या होतात, हे तिला माहेरापासून ठाऊक होतं. शिजवला तरी तो गुण जात नाही. आणि टोपल्या तर सकाळीच घरोघर पोचल्या होत्या.

टोपल्या पोचवून टेम्पोने परत निघालेल्या नवऱ्याला तिने फोन केला. तो म्हणाला, तू आणि आई घरोघर फोन लावा, मी मागे फिरून दुधी गोळा करतो. सासू-सून फोन घेऊन बसल्या. टोपली मिळालेल्या एका घरच्या बाईने फोडणीला टाकायच्या बेतात असलेला दुधी तसाच खाली उतरवला. दुसऱ्या घरची हसत म्हणाली, आमच्याकडे दुधीचं नाव काढलं तरी पोरं पळतात, त्यांना कसली भीती. वहिनीला हसू आलं नाही, पण जरा धीर आला. पहिल्या घासालाच कुणीही थुंकून टाकील, असं तिने मनाला समजावलं.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "शिंपीकाका थुंकायचे नाहीत गं."

वहिनीने लगेच त्यांना फोन लावला. शिंपीकाका आपल्या जुन्या दुकानाच्या वरच्या खोलीत एकटे राहत. रक्तातली साखर वाढल्यापासून रोज कच्च्या दुधीचा रस घेत, आणि कडू कारल्याचा पेलाही तोंड वाकडं न करता रिकामा करून दाखवत. कडू लागलं म्हणजे औषध लागू पडतंय, असं त्यांचं ठाम मत. त्यांचा फोन नुसताच वाजत राहिला.

ती सायकल काढून निघाली. देवा, आज त्यांना आळस दे, आज त्यांना रस करायचा कंटाळा दे, एवढंच ती वाटभर म्हणत होती.

दार उघडंच होतं. काका शिलाई मशीनपाशी बसले होते. हातातल्या पेल्याच्या तळाला हिरवट फेस उरला होता.

"ये पोरी. आजचा दुधी काय जबरदस्त निघालाय. डोळ्यांतून पाणी आलं, पण सोडला नाही."

तिने पेला हातातून काढून घेतला आणि कसंबसं सगळं सांगितलं. काकांनी हात झटकला. बायकोच्या हातचं जेवून या पोटाने संसार काढलाय, हा रस म्हणजे काय, असं म्हणता म्हणता ते थांबले. मशीनची कड त्यांनी घट्ट धरली. कपाळावर घाम डवरला. पहिली उलटी हिरवी झाली, दुसरीत लाल दोरा दिसला. वहिनीने नवऱ्याला फोन लावला.

नवरा टेम्पो घेऊन पोचला आणि दोघांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. किती प्यायले, कधी प्यायले एवढं विचारलं आणि म्हणाले, रक्तदाब फार खाली गेलाय, उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.

तिने काकांच्या खोलीतला उरलेला दुधी डॉक्टरांना दाखवायला पदरात बांधून आणला होता. तो बाजूला ठेवून ती खाटेशी बसली. काकांचा हात बर्फासारखा गार होता. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी तिचं मनगट पकडलं.

"पोरी, जाऊ नकोस."

आजवर कशालाही तोंड वाकडं न केलेला माणूस. ती म्हणाली, "इथंच आहे मी, काका."

पण नर्स चिठ्ठी घेऊन दारात उभी होती. नवऱ्याला खाटेशी बसवून वहिनीने मनगट हळूच सोडवून घेतलं. तिला खालच्या औषधाच्या दुकानातून सलाईनच्या बाटल्या आणायच्या होत्या.